शंभरातल्या किती जणांना?

मी एक जुना पांढरा फळा आहे. धायरीतल्या एका छोट्या फिजिओथेरपी दवाखान्यात कुसुमताईंनी मला टांगलं, त्याला अकरा वर्षं झाली. एरवी माझ्यावर व्यायामांची नावं नि वेळा असायच्या. पण मित्रांनो, पायलचा तो दिवस वेगळा होता.

पायल कबड्डी खेळायची. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाले होते आणि राज्य संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. तिचे प्रशिक्षक दत्तप्रसाद सर एक शोधनिबंध घेऊनच आले.

"मॅडम, गुडघ्याला हा पट्टा बांधला की दुखापती पन्नास टक्क्यांनी कमी होतात. छापलंय इथे. खेळू द्या हिला."

"पन्नास टक्के, पण कशाचे?" कुसुमताईंनी निबंध वाचला आणि माझ्यावर शंभर ठिपके काढले. "पट्टा नसलेल्या शंभरांत चौघांना दुखापत झाली, बांधलेल्या शंभरांत दोघांना. चाराचे दोन झाले, म्हणून पन्नास टक्के. इतक्या थोड्या आकड्यांत हा निव्वळ योगायोगही असेल. शिवाय हे सगळे धडधाकट फुटबॉलपटू. शस्त्रक्रिया झालेला एकही नव्हता."

पायलचे डोळे भरून आले. "म्हणजे मी खेळले तर गुडघा परत जाणारच का?"

"तसंही नाही गं. शस्त्रक्रियेनंतर लवकर खेळायला परतलेल्या मुलींवरचा दुसरा अभ्यास आहे. त्यात दहातल्या तिघींना पुन्हा दुखापत झाली, सात जणी नीट खेळल्या. तू कुणात असशील, ते कुठलाच कागद सांगत नाही. पण तुझ्या शस्त्रक्रिया झालेल्या डाव्या पायात उजव्याच्या सत्तर टक्केच जोर आहे, हे मी स्वतः मोजलंय. आता तू ठरव."

पायलने माझ्यावरचे दहा ठिपके मोजले आणि त्यातले तीन बोटांनी झाकले. "दहात तीन खूप झाले," ती म्हणाली. "थांबते मी."

चाचणीच्या दिवशी ती दवाखान्यात आली, कुणाशी न बोलता व्यायाम करून गेली. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी तिची निवड झाली. सर पेढे घेऊन आले. "मॅडम, थांबणं शंभर टक्के बरोबर ठरलं!"

"एकीवरून शंभर टक्के? सर, आधी पेढा द्या," कुसुमताई म्हणाल्या. "तेव्हा खेळली असती तरी कदाचित काही झालं नसतं. ते आता कळायचं नाही. पण हाती होतं त्यावरून तिने शहाणपणाने ठरवलं."

आता भिंतीवर मोठा स्क्रीन आलाय. मी दारामागे उभा असतो. मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल. पण कुणी मोठा आकडा पुढे केला, की तो किती जणांचा आणि कोणाचा, हे नक्की विचारा. त्यावर कुणीतरी आपला खराखुरा गुडघा पणाला लावणार असतं.