रंभामावशी चौकाशी बसली

"मी येनार नाय सांगू? हळदीच्या दिशी? येडी झालीस का गो दर्शना?"

रंभामावशीनं गरम पाण्यात मिरी टाकली आणि फुंकर मारून एक घोट घेतला. कुठं हळद असली की सकाळी उठून ती हे पाणी प्यायची आणि मगच कोणाशी बोलायची. आज हळद समीक्षाची, आणि मावशीनं तिथं जाऊ नये म्हणून मी तिला आधीच बोलायला लावलं, त्यानं ती जास्तच करवादली होती.

मावशी आमच्या गावची धवलारीण. आमच्याकडे लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीण नसली तर चालत नाही. तांदळाच्या पिठाचा चौक काढून ती त्याच्याशी बसते, धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना एकेक करून बोलावते. तिनं तोंड उघडल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. आणि शेणव्याच्या आसपासच्या गावांत मावशीसारखा गळा कोणाचा नव्हता.

"समीक्षा अजून नववीत आहे, मावशी. चौदा वर्षांची."

"ठाऊक हाय. मी काय करू? तिचा बापूस माझं ऐकतो का? माझं प्वाट या गळ्यावर चालतंय. गावाशी वाकडं घेऊन राहू कुठं? तुज्या मंडळात?"

'मंडळ' हा शब्द तिनं असा काही उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं मंडळ म्हणजे आम्ही पाच पोरी. सातवी झाली की गावातल्या मुली घरी बसायच्या, कारण हायस्कूल लांब. आम्ही घरोघरी जाऊन आयांशी भांडलो, शहापूरला जाऊन डेपोच्या साहेबांपुढे दिवसभर ठाण मांडलं आणि सकाळची एसटी गावापर्यंत आणली. त्या गाडीत सगळ्यात आधी चढली ती समीक्षा. आता तिचा बाप, कमळाकरकाका, म्हणत होता की गाडीत पोरं बघतात, त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी. मुलगा कसाऱ्याला रेल्वेत, घर मुरबाडकडे, असं स्थळ पुन्हा येत नाही म्हणे. आम्ही पोलीसपाटलाकडे गेलो तर तो हसला, "पत्रिका मला बी आलीय." रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. गाडी आम्ही आणली, आणि तिच्याच नावानं पोर चालली होती.

मावशीनं पेला पालथा घातला, लुगडं झटकलं आणि पिठाची पुरचुंडी घेऊन सरळ मांडवाकडे चालू लागली. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. तरी पाय तिच्या मागं गेलेच.

मांडवात बाया जमल्या होत्या. आत दारापाशी समीक्षा पिवळं लुगडं सावरत बसली होती. माझ्याकडे बघून तिनं मान खाली घातली. मावशीनं चौक काढला, नेहमीसारखाच रेखीव. मग मांडी घालून ती त्याच्याशी बसली आणि गप्प राहिली.

"कर सुरू, काकू," समीक्षाची आई म्हणाली. "घसा बसलाय का?"

"नाय. घसा चांगला हाय."

"मग?"

"नाय गायाची मी."

ढोलवाल्याचा हात तिथंच थांबला. कमळाकरकाका बाहेरून तरातरा आला. "ही पाच टवळ्यांची फूस दिसते! ऊठ तू. शेणव्याच्या गंगीला आनतो मी गायाला."

काकाची जीप धुरळा उडवत गेली. गंगी आली की मावशीचं बसणं फुकट! उन्हं डोक्यावर आली तेव्हा जीप परतली. गंगी उतरली, मांडवाच्या तोंडाशी तिनं चपला काढल्या, चौकाशी बसलेली मावशी बघितली आणि जागीच थबकली. चौकाशी एक बसली की ती आपणहून उठेपर्यंत दुसरी बसत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. आणि बसलेल्या धवलारणीला हात लावायची छाती आजवर कोणाची झालेली नाही.

"रंभाबाय, उठतीस का?"

"नाय."

गंगीनं चपला पुन्हा पायात सरकवल्या. "मग आमी चाललो," कमळाकरकाकाकडे न बघताच ती म्हणाली.

काका मावशीपुढे ओरडला, हात जोडले, पुन्हा ओरडला. तेव्हा कुठं ती बोलली. "माझ्या धाकट्या लेकीच्या हळदीला मीच बसलेली, कमळाकर. हिच्यायेवढीच व्हती. खुशाल गायली मी. वरसाच्या आत बाळंतपणात गेली पोर. त्या दिशी मला कोनी नाय अडवलं."

समीक्षाची आई पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

मावशी पाण्याला शिवली नाही. पाणी प्यायलं तर उठावं लागेल. साठी उलटलेली बाई, हातानं पाय उचलून मांडी बदलत होती. आता उठते की मग उठते, म्हणून मी तिच्यावरून नजर काढली नाही. उन्हं कलली, हळद वाटीतच सुकली. मुरबाडकडून नवऱ्याकडचा एक म्हातारा आला, त्यानं बंद तोंडाची धवलारीण बघितली आणि काकाला बाजूला घेतलं. "ज्या मांडवात धवला नाय झाला, तिथली पोर आमाला नको," तो म्हणाला. मग मावशी हात टेकून उठली. तिला धरायला आम्ही पाच जणी पुढं झालो, एकाही बाईनं हात पुढं केला नाही.

त्या मोसमात गावात सात-आठ लग्नं झाली. मावशीला एकाही घरचं बोलावणं आलं नाही. गंगीला घेऊन येणारी जीप तिच्या दारावरून जायची. मावशी सवयीनं मिरीचं पाणी घेऊन उंबऱ्यात बसायची, प्यायची आणि बसूनच राहायची. मला बघितलं की म्हणायची, "काय गो मंडळ, च्या पिनार?" मला ढसाढसा रडावंसं वाटायचं.

जूनमध्ये शाळा उघडली. सकाळी मी तिच्याच उंबऱ्यात होते. फाट्याकडे गाडीचा हॉर्न वाजला. घराकडून समीक्षा दप्तर छातीशी धरून येत होती, मावशीला बघून घुटमळली, पाया पडायला वाकू लागली. मावशी ताडकन उठली.

"धाव गो! पाया नंतर पड, गाडी सुटंल!"

अख्ख्या आळीत घुमला तो आवाज. लोक दारात आले. त्या वर्षी गावानं तिचा गळा ऐकला तो तेवढाच.