आधी नाव तरी विचारा!

हॅलो! ठेवू नका, ठेवू नका! मी काही विकत नाही. कर्ज नाही, प्लॉट नाही, विमा तर मुळीच नाही. मी बजाजनगरातल्या काकासाहेबांच्या घरचा फोन बोलतोय. तोच तो, वायरीचा, दुधी रंगाचा, टीव्हीशेजारी विणलेल्या रुमालावर बसलेला.

कुठल्या तरी कारखान्यात जन्मलो, खोक्यात बसून इथं आलो. काकासाहेब देवगाव रंगारीचे, वाळूजला कंपनीत फिटर. अर्ज केल्यावर दोन वर्षांनी मी मिळालो, म्हणून त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते! पुढं घरात मोबाइल आले, पण माझा मान गेला नाही. मुलाच्या, ऋतुराजच्या, लग्नाच्या बायोडाट्यावर नंबर छापला तो माझाच. "मोबाइल काय, कुणाच्याबी खिशात असतो," काकासाहेब म्हणाले. "घरचा फोन म्हंजे घर हाय."

पण हा नंबर कसा कोण जाणे, भलत्यांच्या हाती लागला आणि माझं डोकं उठलं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. नळाला चौथ्या दिवशी पाणी, त्यात दिवसाला पंधरा-वीस फोन! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. एकानं पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला काढलं. काकासाहेब म्हणाले, "आधी पाणी दे, मग शुद्ध कर!" एका क्लबवाल्यानं पोहायचा तलाव देऊ केला. "दोन हंडे इकडं पाठव बाबा, तेवढ्यात पोहून घेतो."

एका विमावाल्याला तर त्यांनी सत्यनारायणाच्या कथेचा पहिला अध्याय अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. वाटलं, पठ्ठ्या आता जन्मात फोन करणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हजर! "सर, दुसरा अध्याय राहिला होता."

त्यांच्या बायकोची, सरूबाईंची, तऱ्हा वेगळी. कुणीही फोन करो, आधी विचारणार, "जेवलीस का गं? गाव कोणतं तुझं?" मग पोरगी जे विकत असेल ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणार आणि गोड आवाजात "नको हं बाळा" म्हणून ठेवणार. काकासाहेब चिडायचे. त्या म्हणायच्या, "लेकरं पोटासाठी बोलतेत. ऐकायला काय जातंय?"

या सगळ्यात कळस केला टाकीवाल्यानं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या विकायचा. रोज तीनदा, आणि प्रश्न ठरलेले. घर स्वतःचं का? माणसं किती? पाणी किती दिवसाआड? टाकी केवढी? काकासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि नेमकं याच आठवड्यात ऋतुराजचं जमत आलं होतं. एकोणतीस वर्षांचा झाला पोरगा. सहा मुलींकडून नकार आलेला. सातवी करमाडची संस्कृती. मध्यस्थ तात्यासाहेबांच्या घरी दोघं भेटले, अर्धा तास बोलले, आणि तेव्हापासून हा आरशासमोरून हलेना. आता उरली होती फक्त तिच्या वडलांनी, कडुबांनी, करायची चौकशी. तात्यासाहेब सांगून गेले होते, "कडुबा रविवारी फोन करतील. नीट बोला. पुण्याचंबी एक स्थळ सोमवारी बघायला येतंय त्यांच्याकडं."

शुभ कामाला रविवारची वाट कशाला बघायची, म्हणून कडुबांनी शनिवारीच फोन केला. आणि त्यांची रीत अशी, की आधी चौकशी, मग ओळख. नाव सांगितलं की समोरचा सावध होऊन बोलतो म्हणे! काकासाहेबांनी मला उचललं.

"काकासाहेबच ना? घर सोताचं हाय नव्हं?"

"हाय."

"माणसं किती? पाणी किती दिवसाला येतंय?"

अहो, मी घामाघूम झालो! हा आवाज वेगळा होता, मला कळत होतं. पण मी पडलो फोन. दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं, आपलं तोंड मिटून ठेवायचं.

"अन् गच्चीवर टाकी केवढी हाय?"

"टाकी?" काकासाहेब कडाडले. "तुझी टाकी तुझ्याच टाळक्यावर पालथी घाल! पुन्हा फोन केलास तर वायर धरून तुझ्या घरी येईन!" आणि मला असं आपटलं, की विणलेला रुमाल जमिनीवर गेला.

संध्याकाळी तात्यासाहेब धापा टाकत आले. "काय केलंत हे? पोरीच्या बापाला टाकी पालथी घाल म्हणालात!"

काकासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. ऋतुराज पाण्याची तंगी विसरून दोन तांबे पाणी प्याला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं.

तात्यासाहेबांचा फोन कडुबा उचलेनात. मग काकासाहेबांनी माझ्यावरून नंबर लावला.

"प्लॉट नको!" कट.

पुन्हा लावला. "नको म्हणलं ना! अन् माझी जमीनबी विकायची नाय!" कट.

शेंद्र्याच्या बाजूला कंपन्या आल्यापासून करमाडच्या लोकांना शहरातले दलाल रात्रंदिवस छळत होते. शहराचा नंबर दिसला की कडुबा भडकायचे. पाचव्यांदा तर हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही. काकासाहेब माझ्याकडं बघतच राहिले. "आयला, हा तर अगदी माझ्यासारखाच हाय!"

"सरका तिकडं," सरूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, मला कानाला लावलं आणि वर्षभर विकणाऱ्या पोरींकडून ऐकलेला तो मधाळ आवाज काढला. "नमस्कार सर! अभिनंदन! हजारो लोकांतून आपली निवड झाली आहे!"

पलीकडून संशयानं, "कशासाठी?"

"आमचे व्याही म्हणून."

कडुबा जे हसले, जे हसले, की माझी घंटी आतल्या आत किणकिणली! इकडं सरूबाई हसतायत, तात्यासाहेब मांडीवर थापा मारतायत. ऋतुराज तेवढा श्वास रोखून उभा.

"ते हसणं ऱ्हाऊ द्या ताई," हसू ओसरल्यावर कडुबा म्हणाले. "माझ्या बायकोचा जन्म पाण्यापायी गेला. पोरीच्या डोक्यावर हंडा नको, एवढंच मला पुसायचं होतं."

काकासाहेबांनी मला हळूच हातात घेतलं. "चुकलो पाव्हणं. खोटं नाय बोलत. टाकी हाय, पण पाणी वर चढत नाय. खालून हंडे आणावे लागतेत. पण ते मी आणीन. सुनेच्या हातात हंडा देणार नाय. शब्द हाय माझा."

"बरं," कडुबा म्हणाले. "पुण्याच्यांना नको म्हणून कळवतो."

लग्न होऊन आता चार महिने झाले. पाऊस अजून नाही. माझी एकच विनंती आहे मंडळी, ओरडा, खुशाल ओरडा, पण आधी नाव तरी विचारा!

आता ठेवतो. आज नळाचा दिवस आहे आणि कडुबांचा फोन यायची वेळ झाली. नळाच्या दिवशी ते न चुकता फोन करतात. "कोण उचलतंय हंडा?" काकासाहेब ओरडतात, "मीच की!" आणि फोन बंद न करता मला टेबलावर तसंच ठेवून जिना उतरतात. टाकीवाले, प्लॉटवाले, सगळ्यांना तासभर लाइन व्यस्त मिळते. आणि तिकडं करमाडात एक बाप फोन कानाला लावून ऐकत बसतो, व्याह्याची धाप, हंड्यांचा खणखणाट आणि मध्येच सासऱ्याला विनवणाऱ्या संस्कृतीचा आवाज, "बाबा, थोडं बसा हो आता!"