आई सिरियस आहे, लगेच निघ

मुलींच्या वसतिगृहात तिला सगळे थर्मासताई म्हणत. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत ती कल्याण सचिव म्हणून निवडून आली तीही बिनविरोध, कारण त्या पदाला मान नव्हता, होता तो नुसता व्याप. कुणाला ताप आला, कुणाचं मेसवाल्याशी वाजलं, कुणी घरच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडत असलं, की ही गरम पाण्याचा थर्मास काखेत मारून हजर. शिकायची शेवटच्या वर्षाला, पण वागायची सासूसारखी, असं मुली तिच्या तोंडावर म्हणत आणि ती हसून पुढच्या खोलीत जाई.

एका कामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कधीमधी एखाद्या मुलीला घरून फोन येई, 'आई सिरियस आहे, लगेच निघ.' मुलगी रडू लागे. मग थर्मासताई पुढे होई. कपाट उघडून बॅग भरे, रेक्टरबाईंची परवानगी मिळवी, मुलीला बस स्टँडवर नेऊन खिडकीजवळची जागा धरून देई, वाटेसाठी बाटलीत पाणी भरून देई. बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभी राही. संघाच्या वार्षिक सभेत यासाठी तिचं खास कौतुक झालं होतं, आणि त्या टाळ्या तिला मनापासून आवडल्या होत्या.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. तिची आई फोनवर 'धाकटे' म्हणून इतक्या मोठ्याने हाक मारी, की शेजारच्या तीन खोल्यांना ऐकू जाई. मग वसतिगृहातही ती धाकटीच झाली. नव्या मुलींची ओळख करून घेणं हे सचिवाचं काम, म्हणून एका दुपारी थर्मासताई गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला तिच्यासोबत गेली. पण ओळख निघाली उलट्या बाजूने.

"ताई, एक विचारू?" धाकटी चादरीची घडी घालत म्हणाली. "तू आजवर ज्यांना बसमध्ये बसवून दिलंस, त्यांतली परत कोण आली?"

"म्हणजे काय? सगळ्या..." असं म्हणून थर्मासताई थांबली. एकेक चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. जाताना प्रत्येकीचा निरोप तिने घेतला होता, आल्याचं मात्र एकीचंही आठवेना.

"माझ्या थोरल्या बहिणीलाही असंच बोलावलं होतं," धाकटी म्हणाली. "आईला झटका आलाय म्हणून. ती रडत रडत पोचली, तर आई दारात उभी. धडधाकट. आत पाहुणे बसलेले."

"आणि आई काही बोलली नाही?"

"आईला कोण विचारतं? बाबा गेल्यापासून घरात काकांचा शब्द चालतो. ते म्हणाले, सरळ बोलावलं असतं तर आली असतीस का? आठवड्यात लग्न लावून दिलं."

"आता कुठे असते ती?"

"तिच्या सासरी. फोन करते अधूनमधून." धाकटीने चादर छातीशी धरली. "बोलताना तिच्या शेजारी कुणीतरी उभं असतं. मला श्वास ऐकू येतो."

थर्मासताईने हे हसण्यावारी नेलं, पण तिचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी तिने एका मुलीचा नंबर फिरवला. नर्सिंगला होती ती, गळा गोड होता, आणि तिची खाट गेल्या वर्षापासून रिकामी होती. फोन एका पुरुषाने उचलला. ती आता शिकत नाही, पुन्हा फोन करू नका, असं सांगून त्याने तो ठेवूनही दिला. दुसरीच्या घरी फोन लावला, तर खुद्द आईनेच उचलला. अगदी खणखणीत आवाजात तिने विचारलं, कोण बोलतंय? मग थर्मासताईने उरलेल्या घरीही फोन लावले; कुठे आईनेच उचलला, कुठे मागून तिचा आवाज आला. ज्या बायकांना मरणाच्या दारातून वाचवायला तिने मुली धाडल्या होत्या, त्या सगळ्या जिवंत होत्या. आईच्या खोट्या आजारपणावर मुलीला बोलावून तिचं लग्न लावायच्या या रिवाजाचे खरे धनी घरी बसून होते आणि त्यांच्यासाठी मुलींच्या बॅगा भरायचं काम ही करत आली होती, तेही टाळ्या घेऊन.

मग तो फोन धाकटीसाठी आला. मेसमध्ये ताटं मांडायची वेळ होती. रेक्टरबाई स्वतः जिना चढून वर आल्या.

"तुझ्या काकांचा फोन होता. आईची तब्येत फार बिघडली आहे. ते गाडी घेऊन निघालेत, तुला तयार राहायला सांगितलंय."

सगळं ठाऊक असूनही धाकटी मटकन खाली बसली. या रिवाजाची सगळी ताकद नेमकी इथे आहे. मुलीला खोटं कळतं, पण आईच्या बाबतीत खात्री कोण करणार?

"खरंच असेल तर, ताई?"

थर्मासताईचे हात सवयीने कपाटाकडे गेले. दोन कपडे काढलेसुद्धा. मग तिने ते खाटेवर टाकले आणि धाकटीच्याच फोनवरून, स्पीकर चालू ठेवून, तिच्या आईला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एक क्षीण आवाज आला.

"धाकटे, ये गं. काही खरं नाही माझं."

धाकटीचा बांध फुटणार तोच पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आणि त्याच आवाजाने, पण आता चांगल्या ठणठणीत सुरात कुणालातरी सांगितलं, "अगं, गॅस बारीक कर."

आयुष्यभर स्वयंपाकघरात वावरलेली कुठलीही बाई शिट्टी ऐकून दुसरं काही बोललीच नसती. धाकटीला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"मी वसतिगृहातून बोलतेय," थर्मासताई म्हणाली. "संघाची कल्याण सचिव. मुलींची काळजी घेणं माझं काम आहे. मला फक्त खरं सांगा."

आईने पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. पुन्हा बोलली तेव्हा आवाज दबका होता, पण पक्का.

"ऐका बाई. मला काही झालेलं नाही. थोरलीच्या वेळी मी गप्प बसले, त्याची शिक्षा रोज भोगतेय. तिला पाठवू नका. उद्या कुणी सांगितलं की मी मेले, तरी पाठवू नका. धाकटे, ऐकलंस ना?"

धाकटी हो म्हणायच्या आत फोन बंद झाला.

काका तासाभरात आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, बघताक्षणी कुणालाही भला वाटेल असा माणूस. गाडीचं मागचं दार उघडं ठेवून ते फाटकाशी उभे राहिले. रेक्टरबाई कुजबुजल्या, "घरचीच माणसं आहेत, आपण कशाला मध्ये पडायचं?" थर्मासताई मात्र मध्येच उभी राहिली.

"मी येत नाही, काका," तिच्यामागून धाकटी म्हणाली.

"आईचं काही बरंवाईट झालं तर?"

"आईशी बोलले मी."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं ते थर्मासताईकडे. "कल्याण करताय वाटतं तुम्ही. करा. पण घर आमचं आहे, आणि तिची आई त्या घरात राहते." त्यांनी आवाज जराही चढवला नाही. गाडीचं दार हळूच लावलं आणि निघून गेले. धाकटीने आईला पुन्हा पुन्हा फोन केला, तो त्या दिवसापासून लागलाच नाही.

थर्मासताईने संघाच्या सभेत ठराव मांडला, की असा निरोप आला तर मुलीने निघायचं नाही, आधी संघाचं माणूस जाऊन डोळ्यांनी पाहून येईल. "कल्याण सचिव की गुप्तहेर?" असं कुणीतरी म्हणालं, थोडे हसले, पण ठराव झाला. गावोगावचे पालक चिडले. आमच्या शब्दावर विश्वास नाही का, असं प्राचार्यांना विचारायला आले. विश्वास कुणी घालवला, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

परीक्षा सुरू असताना पुन्हा फोन आला. आई दवाखान्यात आहे, शेवटचं बघून जा.

"खोटंच असणार ना गं?" धाकटी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"तू अभ्यास कर. मी बघून येते."

ज्या खिडकीजवळच्या जागा तिने इतरांसाठी धरल्या होत्या, तशाच एका जागेवर बसून थर्मासताई निघाली. वाटभर ती मनात म्हणत राहिली, खोटं असू दे. एवढ्या वेळा खोटं निघालं, आणखी एकदा निघू दे.

दवाखान्याच्या बोळात काका बाकावर बसले होते. शेजारी परीटघडीच्या कपड्यांतली काही माणसं, आणि त्यांच्यात फोनमध्ये डोकं घातलेला एक तरुण. काकांनी थर्मासताईच्या मागे धाकटी आहे का ते पाहिलं.

"या वेळी खरं आहे," ते म्हणाले. "जा, बघा जाऊन. आणि मुलीला बोलवा."

खरंच होतं. आईच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि हात चादरीवर नुसता पडून होता. डोळे मात्र जागे होते. थर्मासताईने ओळख सांगताच तिने मास्क बाजूला केला.

"ती आली?"

"नाही. मीच आले बघायला."

"बरं केलंत." ती दम खाऊन म्हणाली, "बाहेर बाकावर बसलेत ते पाहिलेत ना? मुलाकडचे आहेत. माझ्या उशाशीच ठरवून टाकतील."

थर्मासताईने धाकटीला फोन लावला आणि आईच्या कानाशी धरला. धाकटीचं "हॅलो" ऐकताच त्या बाईने कुठून जोर आणला कोण जाणे.

"धाकटे, मी ठणठणीत आहे गं. तुझ्या काकांचं आपलं नेहमीचंच. तू पेपर नीट लिही. जेवलीस का?"

"वाटलंच मला," पलीकडून धाकटी हसली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं मोकळं हसली. "ताईला उगाच पाठवलं. तिला चहा दे हं."

"देते," आई म्हणाली.

फोन बंद झाल्यावर थर्मासताईने मास्क पुन्हा बसवला. तिला संताप आला होता, आणि तो त्या बाकावरच्या माणसांपुरता नव्हता. बरी असताना या बाईला मरायला टेकले असं सांगावं लागलं, आणि आता मरायला टेकली तर बरी आहे असं सांगावं लागत होतं. आई आणि मुलीमध्ये खरं बोलायला जी एवढीशी जागा असते, तीही या लोकांनी खाऊन टाकली होती. आपल्या ओळखीच्या किती घरांनी ती खाल्ली आहे, हे ज्याने त्याने घरी जाऊन आठवावं.

"तिला किती दिवस असं सांगू मी?" तिने विचारलं.

"पेपर संपेपर्यंत." मास्कमधून शब्द जेमतेम आले.

थर्मासताईने थर्मास खाटेखाली ठेवला आणि स्टूल ओढून बसली. त्या दिवशी ती परतली नाही. आईने तिचा हात धरला आणि मान दाराकडे वळवली. बोळात पावलं वाजली की ती डोळे उघडून बघे, आणि कोणी दुसरंच आत आलं की पुन्हा मिटून घेई.