भनपुरीचे वळण

"आंखें बंद कीजिए," गंधाली म्हणाली, आणि हॉलमधल्या बावीस जणांनी डोळे मिटले. दयारामनेही मिटले. दोन श्वास आले, दोन गेले, आणि त्याने ते पुन्हा उघडले.

समोरच्या भिंतीवर कधीच्या तरी कॅरम स्पर्धेचा बॅनर लोंबत होता. त्यावरची नावे वाचत तो बसून राहिला. आजूबाजूला सगळे रेल्वेचेच लोक होते, बहुतेक हिंदी बोलणारे. कुणाला साखर, कुणाला झोप नाही, कुणाचे घरी पटत नाही. ताणतणावावरच्या या सात दिवसांच्या शिबिरात दयारामला साहेबांनी पाठवले होते. तो मालगाडीचा ड्रायव्हर, आणि त्याच्या इंजिनापुढे एक बाई आली होती, म्हणून.

वर्ग सुटला तशी गंधाली त्याच्याजवळ आली. एरवी शहरातल्या चौबे कॉलनीत ती योगाचे वर्ग घ्यायची. वय तिशीच्या आसपास असेल.

"काका, आज तिसरा दिवस. तुम्हाला बसवत नाही का?"

"बसनं होते, बाई. डोये मिटनं होत नाही."

ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. मग म्हणाली, "तर उघडे ठेवून बसा. जमिनीवर एखादी जागा धरा आणि तिथेच बघत राहा. श्वास आपला आपण चालू राहील."

दयारामने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवली. आपण एकोणीस वर्षे ध्यानाला बसतो आहोत, हे त्याने तिला सांगितले नाही.

रक्तदाब पहिल्यांदा निघाला, तेव्हा तो नागपूरकडे दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आला होता. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. उन्हाळ्यात भट्टी झालेली केबिन, लाल सिग्नलपुढे तासन् तास ताटकळणे, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममधली अर्धीमुर्धी झोप, हे सगळे त्याने त्या एका तासाच्या बळावर काढले. याआधीही दोन माणसे त्याच्या गाडीखाली आली होती. दोन्ही वेळा तो बसला, डोळ्यांतून पाणी वाहू दिले, आणि दिवसागणिक छातीवरचे ओझे उतरले. नवीन सहायकांना तो सांगायचा, "मनात येते ते येऊ द्यायचं. धरायचं नाही, ढकलायचं नाही." पुष्कळांना त्याचा उपयोगही झाला होता.

या वेळी ते त्याच्या स्वतःच्याच उपयोगी पडत नव्हते.

मंगळवारची सकाळ होती. साडेआठचा सुमार, मागे कोळशाचे अठ्ठावन्न वॅगन. भनपुरीचे वळण घेतले आणि रुळांच्या मधोमध बाई दिसली. त्याने हॉर्न दाबला आणि त्याच दमात आपत्कालीन ब्रेक ओढला. सहायक अच्युत दुसऱ्या बाजूला होता, वळणामुळे त्याला काहीच दिसले नाही. बाई वळली. तिने मान वर करून केबिनकडे पाहिले. मग दारात कुणी परका वडीलधारा माणूस येऊन उभा राहावा, तसा तिने दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून घेतला, नीट केला, आणि ती तशीच उभी राहिली.

गाडी थांबली ती पाऊण किलोमीटर पुढे जाऊन.

जबाबात त्याने लिहिले, 'महिला रुळावर आली. हॉर्न दिला. ब्रेक लावला.' त्यातले काहीच खोटे नव्हते. पदराबद्दल त्याला कुणी विचारले नाही.

तो ते बोलला फक्त कलावतीजवळ. त्या दिवशी घरी आल्यावर बूट न काढताच तो खाटेवर बसला होता.

"तिनं मले पाह्यलं, कला. इंजिनाले नाही. मले."

बायकोने खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

शिबिराच्या पाचव्या दिवशी तो क्वार्टरवर परतला, तेव्हा दारात एक स्कूटी उभी होती. आत खुर्चीच्या कडेवर एक मुलगी बसली होती, मांडीवर हेल्मेट. समोरच्या पाण्याच्या पेल्याला तिने हात लावलेला नव्हता.

"त्या बाईची पोट्टी हाये," कलावती हळूच म्हणाली. "स्नेहल नाव हाये. स्टेशनातून पत्ता काढत आली. मराठी समजते तिले."

दयारामने चपला दाराशी काढल्या. त्या काढायला त्याला फार वेळ लागला.

"अंकल, मैं ज़्यादा टाइम नहीं लूंगी," मुलगी म्हणाली. "बस एक बात पूछनी है."

"विचार, बेटा."

ती हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. "पापा के जाने के बाद मम्मी रोज़ फोन करती थीं. रोज़ वही रोना. उस दिन सुबह मैंने बोल दिया, अब मुझसे नहीं सुना जाता. योगा करो, ध्यान करो, कुछ भी करो, पर मुझे फोन मत करो." पट्टा सुटला. तिने तो पुन्हा गुंडाळला. "फिर मैंने उनको एक वीडियो भेजा. प्राणायाम का. उन्होंने देखा भी था. आठ बजकर दस मिनट पर."

स्वयंपाकघरात कलावतीने चहाचे भांडे गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. नंतर काहीच आवाज आला नाही.

"सब बोलते हैं, पटरी पार कर रही थीं. लेकिन देखा तो सिर्फ आपने है. आप बताइए."

दयारामने तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. पाचसहा दिवसांत हिलाही डोळे मिटता आले नसतील, असे त्याला वाटले.

"हव," तो म्हणाला. "पारच करून राह्यली होती. घाईत होती. माह्याकडे पाठ होती तिची."

"हॉर्न?"

"बाजूच्या लाइनीवरून दुसरी गाडी चालली होती. त्या आवाजात ऐकूच नाही गेला तिले." तो थांबला. आपण थांबू असे त्याला वाटले होते, पण शब्द येतच राहिले. "हातात पिशवी होती. भाजीची असंन. तिनं पाह्यलंच नाही, बेटा. तिले काही कळलंच नाही."

मुलगी बराच वेळ जमिनीकडे बघत होती.

"मंगल को वो सब्ज़ी लेने जाती थीं," ती शेवटी म्हणाली. एकेक शब्द हाताने चाचपून बघावा तशी. "हां. मंगल ही था."

आणि मग ती रडायला लागली. हेल्मेट मांडीवरून घरंगळून खाली पडले. कलावती बाहेर आली आणि तिने तिला पोटाशी धरले. दयाराम उठून खिडकीपाशी गेला. उतू गेलेल्या चहाचा जळका वास घरभर पसरला, पण कुणीच आत गेले नाही.

निघताना मुलीने दारात वळून पाहिले. काहीतरी विचारावे अशी तिची मान क्षणभर वर झाली. पण तिने विचारले नाही.

"येते मी, काका," ती म्हणाली. मराठीत बोललेले तेवढे एकच वाक्य.

स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन नाहीसा झाला. कलावतीने जळलेले भांडे घासून काढले आणि नवा चहा ठेवला. दोघांनी तो समोरासमोर बसून प्यायला. ती काही विचारील म्हणून तो वाट बघत होता. तिने विचारले ते एवढेच, "रातच्याले काय करू?"

दिवेलागणीला दोघे नेहमीप्रमाणे बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून बसले. कलावतीने मेणबत्ती लावली. बत्तीस वर्षांच्या संसारात पंचशील म्हणताना तो पुढे असायचा आणि ती मागून. त्याने सुरुवात केली. हिंसा करणार नाही, हे पहिले. दुसरे, चोरीचे. तिसरे. प्रत्येकामागून कलावतीचा बारीक आवाज येत होता.

चौथे शील खोटे न बोलण्याचे. दयारामने तोंड उघडले, आणि ते तसेच राहिले. हजारो वेळा म्हटलेला तो पहिला शब्द ओठांपर्यंत येईना. मेण ओघळून खालच्या बशीत जमत होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या कुकरची शिट्टी झाली.

कलावती हात जोडून थांबली. पुष्कळ वेळ थांबली. मग त्याच्याकडे न बघता तिने पाचवे शील म्हणायला घेतले.

दयारामने तिच्या मागून ते म्हटले.