पैलवानाच्या खांद्यावरचं पोर

धोंडुबाई मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायची, आणि मीही काही तिला डोक्यावर घेऊन नाचत नव्हते. ती माझ्या मेलेल्या बहिणीची सासू. अंजना बाळंतपणात गेली तेव्हा मी सांगलीच्या एका इस्पितळात आया होते. बातमी कळायला दहा दिवस लागले आणि रजा मिळायला महिना. वडूजपासून दोन कोसांवर, मेंढरं राखणाऱ्यांच्या त्या वस्तीवर मी पोचले तेव्हा अंजनाचा मुलगा गुंडा दीड महिन्याचा झाला होता आणि हगवणीनं त्याचं ढुंगण सोलवटून निघालं होतं. चव्वेचाळीस सालचा उन्हाळा होता. पोराचा बाप नाथाजी ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेलेला. पोराला जगवायला उरलो आम्ही दोघी.

आमचं बोलणंच भांडणानं सुरू झालं. म्हातारी शेळीचं धारोष्ण दूध वाटीत घ्यायची, त्यात धोतराच्या चिंधीचा बोळा बुडवायची आणि तो पोराच्या तोंडात धरायची. काम झालं की बोळा भिंतीच्या कोनाड्यात. त्यावर माश्या बसलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

"आवं आत्याबाई, ह्यानंच पोराला हगवन लागलीया," मी म्हटलं.

"अकरा पोरं वाढीवली म्या ह्या बोळ्यावर. तू किती वाढीवलीस?"

मी बालविधवा. घाव कुठे घालायचा ते तिला बरोबर ठाऊक होतं. मग मीही सोडलं नाही.

"अकरातली जगली किती?"

"चार," ती म्हणाली आणि शेळ्यांकडे निघून गेली. मला आनंद झाला. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा झाला.

तो बोळा मी चुलीत घातला. सांगलीहून आणलेली काचेची बाटली आणि रबरी बोंडी बाहेर काढली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला हे काम घोटून घोटून शिकवलं होतं. हात साबणानं धुवायचे. बाटली, बोंडी, चमचा पाण्यात बुडवून चांगले खळखळ उकळायचे. प्यायचं पाणीही उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं आणि मगच त्यात मोजून भुकटी घालायची. चमचा काठोकाठ सपाट, शीग लावायची नाही. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. हे सगळं मी वस्तीवर दिवसातून सहा वेळा केलं. म्हातारी दारात बसून म्हणायची, "सरपान काय तुज्या बाच्या रानातनं येतंय व्हय गं?"

भुकटीचा डबा मी सांगलीच्या बाजारात घेतला होता. लढाईमुळे इस्पितळातच दुधाच्या भुकटीचे डबे मिळेनात. बाईंनी बजावलं होतं, "माहितीचा डबा मिळाला तरच घे, नाहीतर शेळीचं दूध पाणी घालून उकळून दे." मी तीन दुकानं फिरले. चौथ्या दुकानात 'भीमबाळ' नावाचा डबा होता आणि वर भिंतीवर मानसिंग पैलवानाचा फोटो.

मानसिंग पैलवान म्हणजे त्या काळात सांगलीचा देवच. त्याची कुस्ती असली की दुकानं बंद व्हायची. मी स्वतः त्याला हत्तीवरून मिरवताना पाहिला होता आणि चेंगराचेंगरीत एक चप्पल गमावली होती. फोटोत तो लांग घालून उभा होता, डाव्या हातात भीमबाळचा डबा, उजव्या खांद्यावर गुबगुबीत पोर. खाली छापलं होतं, 'माझा मुलगा यावरच वाढला.' दुकानदार म्हणाला, डब्याबरोबर फोटो फुकट. डब्याचं झाकण नखानं उघडलं. इस्पितळातल्या सीलबंद डब्यांना चमच्याचा दांडा घालून जोर लावावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी मी डबा घेतला. पैलवान माझ्याकडे बघत होता ना! देवाच्या तसबिरीपुढे लोळण घेणाऱ्या बायकांना मी आयुष्यभर हसत आले, आणि माझी अक्कल त्या दिवशी शेण खायला गेली.

दोन दिवसांत गुंडाची हगवण थांबली. मी वस्तीवर ताठ मानेनं फिरू लागले. फोटो मी खोपटाच्या मधल्या खांबाला, मेढीला टाचला आणि शेजारच्या बनाबाईला बोलावून खालची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, म्हातारीला ऐकू जावी म्हणून. म्हातारीनं औंधच्या यमाईला पोरासाठी नवस बोलला होता. मी म्हटलं, "आता यमाईला कशाला तरास? पैलवान हाय की."

पाचव्या दिवसापासून पोर वाळू लागलं. बाटली भराभर संपवायचं आणि लगेच पुन्हा तोंड वासायचं. सातव्या दिवशी रडणं बारीक झालं, मांजराच्या पिल्लासारखं. टाळू आत ओढली गेली. मी चमचे पुन्हा मोजले, पाणी आणखी वेळ उकळलं, बाटली दोनदा उकळली. चूक सापडेना, कारण मी चूक माझ्या हातात शोधत होते.

"पोर मरतंय गं," धोंडुबाई म्हणाली. "मला शेळी पिळू दे."

"पुन्यांदा हगवन लावायचीय त्याला? तुमच्या हातची सात गेली, आता हे आठवं?"

तिनं हात उचलला. मारली असती तर बरं झालं असतं. पण ती वळली आणि पोराला घेऊन बसली.

आठव्या दिवशी मी ओढ्यावर दुपटी धुवायला गेले. परत आले तर म्हातारी चुलीपुढे बसलेली. पोर रडलं म्हणून तिनं स्वतःच दूध करायला घेतलं होतं, आणि पाणी कोमट व्हायची वाट न बघता चुलीवरचं उकळतं आधण तसंच वाटीतल्या भुकटीवर ओतलं होतं.

माझं डोकं फिरलं. "सतरांदा सांगितलं, उकळतं वतू नगा म्हनून! केलं न्हवं वाटोळं?"

"हिकडं ये."

"आता भुकटी कुटनं आनू मी?"

"हिकडं ये म्हनते न्हवं!"

वाटीत दूध नव्हतंच. पांढरा, चिकट गोळा झाला होता. धोंडुबाईनं त्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर घोळली आणि माझ्या नाकापुढे धरली. बोटांमध्ये तार सुटत होती.

"चाळीस वरसं घोंगड्यास्नी खळ लावलीया म्या. चिंचोक्याची लावली, पिठाची लावली. ही खळ हाय. कोमट पान्यात पीठ नुसतं दुधावानी पांढरं दिसतंय, उकळतं पडलं की खळ हुतीया. माज्या नातवाला आठ दीस खळ पाजलीस तू."

मी म्हटलं, असं कसं होईल, मानसिंग पैलवानाचं पोर ह्याच्यावर वाढलंय. खरंच म्हटलं. पोर तिच्या मांडीवर आचके देत होतं आणि मी मेढीवरचा फोटो काढून तिच्यापुढे नाचवत होते.

तिनं फोटो घेतला, उजेडाला धरला.

"ह्येचं पोर हाय हे?"

"लिवलंय की खाली."

"मला लिवलेलं कळत न्हाई. मला हात कळतोय." तिनं खळीचं बोट पैलवानाच्या उजव्या हातावर ठेवलं. "खांद्यावर पोर घेतलं तर बाप काय धरंल? तंगडी धरंल, न्हाईतर पाठ. ह्यानं छातीपाशी मूठ आवळलीया. मुठीत काय हाय सांग."

मी पाहिलं. पोर खांद्यावर, मूठ छातीपाशी, आणि मुठीखालून दांड्याचं टोक डोकावत होतं. पैलवानाच्या खांद्यावर गदा होती. कुणीतरी तिचं डोकं कातरून तिथे कुणाचं तरी पोर चिकटवलं होतं. एकदा दिसल्यावर पोराभोवतीची कात्रीची रेघही दिसू लागली. मी तो फोटो आठ दिवस रोज पाहत होते. सगळं वाचलं होतं, बघितलं काहीच नव्हतं.

तिनं शेळी पिळली. मी घाबरत म्हटलं, "आत्याबाई, उकळून घ्या. पाया पडते." तिनं ऐकलं, पण माझ्याकडे न बघता. निम्मं पाणी घालून दूध उकळलं, कोमट केलं, बाटलीत भरलं. गुंडा प्यायला. अर्धी बाटली पिऊन झोपला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तो झोपेत चोखत नव्हता.

"उद्याच्या मोटारीनं जायचं," धोंडुबाई म्हणाली. "माज्या दारात पुन्यांदा पाय ठिवायचा न्हाई."

मी बोचकं बांधायला घेतलं.

"आन् जायच्या आदी ती बाटली कशी उकळायची ते दावून जा."

मी दाखवलं. घड्याळ तिच्याकडे नव्हतं, म्हणून सांगितलं, एका शेळीची धार काढून होईपर्यंत पाणी खळखळू द्यायचं. तिनं माझ्यासमोर चार वेळा केलं. दोनदा चटका बसला, तरी बाटली सोडली नाही. ती चुकली तिथे तिनं मला चूक म्हणू दिलं. चौथ्या वेळी सगळं बरोबर झालं तेव्हा मानेनंच मला दार दाखवलं.

गुंडा जगला. पुढे पलटणीत गेला असं कानावर आलं. अंजनाला एक बहीण होती, हे त्या घरात त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगा म्हणायला मी कोणत्या तोंडानं जाणार होते?