एक ताडपत्र कमी

हस्तलिखित विभागात बावीस वर्षं मोठ्या बाईंचा शब्द शेवटचा होता. मग ती नवी मुलगी आली. बौद्ध भिक्षूंच्या शिस्तीचे नियम, म्हणजे अख्खा विनय, तिला तोंडपाठ. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पोपट ठेवलं, पण हसलं कोणीच नाही.

एका जुन्या पोथीची दोरी तुटून ताडपत्रं विस्कटली होती. पानांवर आकडे नव्हते. मोठ्या बाई भिंगातून अक्षरांची वळणं बघून दिवसाला चार पानं लावायच्या. पोपट तोंडाने नियम म्हणायची आणि प्रत्येक पानाची फक्त पहिली ओळ बघून हाताने पानं लावायची. आठवड्यात पोथी उभी राहिली. सूचीवर एकच नाव छापायचं होतं, आणि ते कोणाचं हे शिपायालाही कळून चुकलं होतं. मोठ्या बाईंचा नुसता जळफळाट झाला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मधलं एक पान उचललं आणि स्वतःच्या खणात सरकवलं. अडू दे एकदा, मग उतरेल सगळा तोरा!

पोपट अडली नाही. पान सापडेना, तेव्हा तिने साहेबांसमोर त्यातले नियम म्हणूनच दाखवले. लिहून ठेवण्याआधी कित्येक पिढ्या हे असंच तोंडी चालत आलं, असं ती म्हणाली. साहेब भारावून लिहून घेत होते.

मोठ्या बाईंनी हळूच खण उघडून पान वाचलं आणि त्या चपापल्या. पोपटने दुपारनंतर न जेवण्याचा नियम आधी म्हटला होता, साठवलेलं न खाण्याचा नंतर. पानावर बरोबर उलटं होतं. बुद्धांनंतर संघाच्या शाखा झाल्या. नियम सगळ्यांनी जपले, पण क्रम आपापला. म्हणजे पोथी भलत्याच शाखेची होती! एवढा मोठा शोध, आणि तो दाखवायचा तर चोरी दाखवावी लागणार. गप्प बसावं, तर पोपट चुकली हे जगात कोणाला कळणारच नाही. ते मात्र त्यांना सोसवेना.

त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "क्रम चुकलाय तुझा. ही पोथी दुसऱ्या शाखेची आहे."

"हे तुमच्याकडे कसं?" साहेबांनी विचारलं.

"मी लपवलं होतं."

साहेबांनी बावीस वर्षं त्यांच्याकडे असलेल्या पोथ्यांच्या कपाटाच्या किल्ल्या मागितल्या.

पोपटला त्यातलं काही ऐकूच गेलं नव्हतं. ती पानावर वाकली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. "बाई, खरंच की! मला जन्मात कळलं नसतं हे."

किल्ल्या काढून देताना मोठ्या बाईंना लाज वाटलीच. पण त्याहून जास्त हेवा वाटला तो तिच्या आनंदाचा. बावीस वर्षांत असा आनंद त्यांना एकदाही झाला नव्हता.