तासाचा आकडा, मिनिटाचा रकाना

वहिनीचा फोन आला तेव्हा ती ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होती. वहिनी इस्पितळात नर्स. तिच्या वॉर्डातले औषधाचे पंप हिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालायचे, आणि ते कसं वापरायचं याची माहितीपानं लिहायची ही, तिची नणंद.

"ताई, तुमच्या पानावर लिहिलंय, तासाला किती औषध द्यायचं ते भरा. इथे आजच आलेल्या नव्या पडद्यावर मिनिटाचा आकडा मागतोय! साठपट औषध गेलं असतं. नशीब, माझी नजर गेली."

डबा तसाच टाकून ती उठली आणि प्रोग्रामरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"हा रकाना कधी बदललास?"

"मागच्या महिन्यात. तुला सांगायचं राहून गेलं गं."

"राहून गेलं? येताना दूध आणायचं राहून जातं रे! माणूस मेला असता!"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पान गुपचूप बदलून टाक. तारीख जुनीच राहू दे. उगाच बोभाटा नको."

"आणि ज्यांनी पान छापून भिंतीवर चिकटवलंय, त्यांनी काय करायचं?"

"अगं, काही घडलं तर नाही ना!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागेवर बसून तिनं लिहिलं, 'या पानावर आमची चूक होती. नव्या आवृत्तीत आकडा तासाचा नाही, मिनिटाचा भरायचा आहे. चालू असलेले पंप आत्ताच तपासा.' खाली आजची तारीख घातली, स्वतःचं नाव घातलं आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्या चाळीसच्या चाळीस इस्पितळांना पाठवून दिलं. कुणाला विचारलं नाही.

अर्ध्या तासात एका वॉर्डातून फोन आला. दोन पंप थांबवले होते, चुकीच्या आकड्यावर नुकतेच लावलेले. पेशंट शुद्धीवर होते. फोन ठेवताना तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढतच होता.

संध्याकाळी साहेबांनी तिच्यापुढे ताकीदपत्र ठेवलं. 'एका किरकोळ चुकीबाबत परवानगीशिवाय ग्राहकांना कळवल्याबद्दल.' तिनं पेन काढलं, 'किरकोळ' हा शब्द खोडला, आणि मगच सही केली. साहेब लालबुंद झाले.

ती परत आली तर प्रोग्रामर तिच्या खुर्चीशी उभा. हातात कागद.

"अजून तीन बदल आहेत," तो खाली बघत म्हणाला. "तुला न सांगितलेले."

तिनं कागद हिसकावून घेतला. "बस इथे. एकेक करून दाखव."